राजीनामा द्यायचा कुणाकडे?

बाबासाहेबांनी आयुष्यात किती नोकऱ्या सोडल्या ते कुणी मोजलंय का? जयंतीला आपण त्यांच्या पदव्या मोजतो. लाऊडस्पीकरवर एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ असं ओळीनं येतं नि टाळ्या पडतात. पडाव्यातच. पण मला गेली दोन वर्षं दुसरीच यादी लागलीय. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडली. शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षं चाकरी करायचा करार होता, तरी सोडली, कारण त्या शहरात त्यांना राहायला छप्पर मिळेना. १९२० साली सिडनहॅम कॉलेजातली प्रोफेसरकी सोडली, लंडनचं अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला. १९३८ साली सरकारी लॉ कॉलेजचं प्रिन्सिपलपद सोडलं. २७ सप्टेंबर १९५१ ला नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्याची कारणं सभागृहात हवी तेव्हा सांगू दिली नाहीत, तर बाहेर येऊन ते निवेदन पत्रकारांच्या हातात ठेवलं.

धाडस तर आहेच. पण मला आणखी एक गोष्ट दिसते. दर वेळी समोर कुणीतरी होतं. दरबार होता, कॉलेज होतं, पंतप्रधान होता. कागद दिला, तो कुणीतरी घेतला, त्यावर तारीख पडली, माणूस मोकळा झाला.

मला तेवढंच पाहिजे. आणि तेच मिळत नाही.

मी पेणजवळच्या रामवाडीत राहतो. मुंबई-गोवा रस्त्याला लागून, जिथं एस.टी.चं विभागीय कार्यालय आहे ती रामवाडी. तेवीस वर्षं झाली, रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात जातोय. कारखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या गेटवर उभा करतील, आणि ज्याला कळायचं त्याला तसंही कळेल. २००२ साली लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आता सत्तेचाळीस.

घरात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात माझे सगळे गेटपास आहेत. एकही टाकलेला नाही. ते जमिनीवर मांडले की माझी पोरगी हसते. पहिल्यावर मिशी नाही, मग मिशी आली, मग मिशीत पांढरं आलं. गेट तेच, मशीन तेच, पाळ्या त्याच. पासावर ‘एजन्सी’ म्हणून जे नाव छापतात ते मात्र अकरा वेळा बदललंय. तेवीस वर्षांत अकरा ठेकेदार. म्हणजे कागदावर मी अकरा मालकांकडे राहिलेला उंडगा माणूस आहे, कुठंच न टिकणारा. वस्तुस्थितीत मी एकाच गेटातून इतक्या वेळा आत गेलोय की वॉचमन बदलले तरी कुत्री मला ओळखतात.

हे कसं चालतं ते ज्या पोरांनी अजून गेट बघितलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. ठेका संपला की जुना ठेकेदार सगळ्यांना कमी करतो. मधे दोन-चार दिवस जातात. त्याला आम्ही ‘ब्रेक’ म्हणतो. मग नवा ठेकेदार येतो, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतो, आणि तीच माणसं त्याच जागी नव्यानं भरती होतात. ब्रेकच्या दिवसांतसुद्धा चार जुन्या माणसांना गुपचूप बोलावतात, कारण रिॲक्टर काय ठेका संपला म्हणून थांबत नाही. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. सलग पाच वर्षं भरली की हक्क लागतो. आमची कुणाचीच पाच भरलेली नाहीत. चार वर्षं भरली असा एक जण आहे, त्याला सगळे भाग्यवान म्हणतात.

आणि काम काय? पगारपत्रकावर लिहिलंय ‘हेल्पर, अकुशल’. किमान वेतनाचं बिल १९४६ साली बाबासाहेबांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं होतं, १९४८ ला त्याचा कायदा झाला. त्याच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे खण असतात. माझा खण तेवीस वर्षं तळातला. मी रिॲक्टर चालवतो. माल चार्ज करतो, जॅकेटला स्टीम सोडतो, तापमान धरून ठेवतो, व्हॅक्यूम लावतो, सॅम्पल काढून लॅबला देतो, सेंट्रिफ्यूजला माल उतरवतो, ड्रायरला टाकतो. फेस वर यायला लागला की काचेतून दिसायच्या आधी स्टररच्या मोटरचा सूर बदलतो. तो सूर मला झोपेतही कळेल. बी.एस्सी. झालेली कोवळी केमिस्ट पोरं येतात. पहिल्या महिन्यात त्यांना सांगावं लागतं, साहेब, हा व्हॉल्व्ह आधी, तो मागून. सहा महिन्यांनी ती माझ्या हजेरीवर सही करतात. त्यांच्यावर राग नाही. पोरं चांगली असतात. पण त्यांना शिकवणाऱ्याला हेल्पर म्हणायचं आणि शिकणाऱ्याला साहेब, हा हिशेब कुठल्या शाळेतला?

मग आत्ताच का सोडायची म्हणतोस, असं बायकोनंही विचारलं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायचं निघालं. मुकादमानं यादी वाचली. पाच नावं. चार आमच्या समाजातली, पाचवा कातकरी. जात कुणी विचारली नाही. विचारायची गरज काय? आडनावं हजेरीबुकात असतात. मी म्हटलं, रिॲक्टरचा माणूस टाकीत कशाला? तो म्हणाला, कागदावर तू हेल्पर आहेस. हेल्परनं जिथं लागेल तिथं जायचं. मी गेलो नाही. मला काढलं नाही, कारण सूर ओळखणारा दुसरा माणूस अजून तयार नव्हता. कायमची रात्रपाळी लावली. वर्षभरात खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. मी म्हटलं, डॉक्टर, औषध द्या, ते सोपं आहे.

तरी निघालो बदलायला. पहिल्या गेटवर पाटी, ‘वय १८ ते ३५. आय.टी.आय., ए.ओ.सी.पी. पास’. म्हणजे केमिकल प्लँटवर काम करायचा कोर्स. तेवीस वर्षं मी जे करतोय त्याला शिकवणीत एवढं लांब नाव आहे हे मला त्या पाटीवरून कळलं. दुसऱ्या ठिकाणी आतपर्यंत घेतलं. एक तरणा मॅनेजर होता. त्यानं तासभर विचारलं. बॅच तापली तर काय करशील, व्हॅक्यूम तुटला तर काय, वीज गेली तर आधी काय बंद करशील. सगळं सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, ऑपरेटर म्हणून घेतो, फक्त अनुभवाचा दाखला आणा. मग सहज विचारल्यासारखं, रामवाडीत कुठं राहता? त्याचा अर्थ मला कळतो, त्यालाही कळत होता की मला कळतो. मी सरळ सांगितलं, बौद्ध आहे. तो म्हणाला, तसं नाही हो, बससाठी विचारलं. असेलही. त्याची बस रामवाडीवरून जाते खरी.

दाखला. आमच्या टाइम ऑफिसात गेलो. कारकून म्हणाला, तुम्ही आमचे नाहीच. तुमच्या ठेकेदाराला विचारा. अकराव्या ठेकेदाराकडे गेलो. तो म्हणाला, दादा, तुम्ही माझ्याकडं चौदा महिने आहात, चौदा महिन्यांचा देतो. खरं होतं त्याचं. मग मागच्या दहांच्या मागं लागलो. एक मयत. एकानं ठेकेदारी सोडून प्लॉटिंग सुरू केलंय, तो म्हणाला जुनी रजिस्टरं पुरात गेली. तिघांचे नंबर अस्तित्वात नाहीत. एक जण ओळखच दाखवीना. तेवीस वर्षांतले चौदा महिने हातात पडले, लेटरहेडवर, गोल शिक्क्यासकट.

पी.एफ.मध्ये तरी सगळं सापडेल म्हणून तिकडं वळलो. २०१४ च्या ऑक्टोबरात यू.ए.एन. नंबर आला, एका माणसाचा एक नंबर. चांगली गोष्ट. पण माझे दोन निघाले, कारण एका ठेकेदारानं नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक अक्षर जास्त घालून भरलं होतं. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे इसम. शिवाय जुन्या ठेकेदारानं ‘काम सोडल्याची तारीख’ भरली नाही तर खातं पुढं सरकत नाही. २०२० पासून ती तारीख कामगाराला स्वतः भरता येते, शेवटची वर्गणी पडून दोन महिने झाल्यावर. सायबर कॅफेतल्या पोरानं मला तो रकाना दाखवला. कारणाच्या जागी त्याला काय टाकू, असं त्यानं विचारलं. मी तर कुठलंच काम सोडलं नव्हतं. काम करत होतो त्याच जागी उभा होतो, खालून मालक सरकले. याला त्या यादीत कारण नाही.

आमच्या घरात हे पहिल्यांदा होत नाही म्हणून एवढं लिहितोय.

आजा रोह्याकडच्या एका खेड्यात गावकी करायचा. येसकरकी. दवंडी द्यायची, साऱ्याचा निरोप पोचवायचा, सरकारी माणसापुढं धावायचं, लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं. १८७४ च्या वतन कायद्यानं ते बांधून टाकलेलं. एक माणूस नेमलेला असला तरी तो तापानं फणफणला तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. मालक कोण? पाटील? तलाठी? सरकार? सगळं गाव मालक, आणि म्हणून राजीनामा घेणारं कुणीच नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं, ते यासाठीच. चोवीस तासांची बांधिलकी तोडावी, कामाचा ठरीव मोबदला मिळावा, नको असेल त्याला बाहेर पडता यावं. ते बिल मागं घ्यावं लागलं. वतनं कायद्यानं जायला १ फेब्रुवारी १९५९ उजाडला. मधली एकतीस वर्षं मोजा.

आज्यानं कायद्याची वाट बघितली नाही. १९५६ च्या धर्मांतरानंतर एक दिवस काठी कोपऱ्यात ठेवली नि गेलाच नाही. आजी सांगायची, “चार दिस कोन बोलला नाय. पाचव्या दिशी वाण्यानं मीठ देला नाय.” मीठ बंद, पाणी बंद, मजुरी बंद. सोडल्याची पोच अशी मिळाली. मग पोरंबाळं घेऊन तो पेणच्या बाजूला आला, मिठागरावर मजुरी करायला. वाण्यानं मीठ नाकारलं आणि हा डोक्यावरून मीठच वाहायला लागला, यावर आजी मरेपर्यंत हसायची.

बा मुंबईला गिरणीत गेला. रिंगखात्यात लागला, तिथंच राहिला. त्याच्या पिढीपर्यंत आमच्या माणसांना साचेखात्याचा रस्ता कसा बंद होता ते जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. धोट्यात सूत ओढून घ्यायला तोंड लावावं लागायचं. महाराचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसरा तोंड कसं लावणार? म्हणून जास्त पगाराचं विणायचं काम सवर्णांना आणि आमची माणसं सूतखात्यात. कापड मात्र सगळ्यांनी नेसायचं. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढं लावून धरला होता. आणि १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी दाखवून दिलं की आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरसुद्धा होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात काम करावं लागतं. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथंच सांगितलं. आपण ते वाक्य पोस्टरवर घालतो. त्याच भाषणातली गँगमनची गोष्ट पोस्टरवर येत नाही, जागा पुरत नसेल.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा बा सत्तेचाळीस वर्षांचा होता. आज माझं आहे तेच वय. अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. बा दोन वर्षं चाळीत थांबला, मग रामवाडीला आला. सव्वीस वर्षांचा रिंगखात्याचा हात. पेणमध्ये रिंग कुठं? पुढं दगडाच्या खाणीवर, लग्नाच्या मांडवात, मिळेल तिथं गेला. “गिरनीत काय करत होतास” असं कुणी विचारलं की बोटं हवेत फिरवून तुटलेला धागा जोडून दाखवायचा. बघणाऱ्याला वाटायचं म्हातारा जादू करतोय.

रामवाडीतच राहून आणखी एक पाहिलं. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एस.टी.चा संप सुरू झाला, सरकारात विलीनीकरण करा म्हणून. हायकोर्टानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर या म्हटलं तोवर चालला. त्या पाच-सहा महिन्यांत आमच्या आळीतला एक ड्रायव्हर पंधरा दिवसांत ट्रकवर चढला. त्याच्या शेजारचा कंडक्टर, अठरा वर्षांची सर्व्हिस, त्यानं भाजी विकली, मग घरी बसला. दोघंही तितकेच हुशार. फरक एवढाच की ड्रायव्हरचं लायसन त्याच्या खिशात असतं. कंडक्टरचं सगळं कसब त्या एका गाडीपुरतं, त्या गाडीतून उतरला की रिकामा. माझंही तेच. माझा सूर त्या एका मोटरपुरता. लायसन देणारं कुणी असतं तर तोच सूर मी कुठल्याही मोटरवर ओळखला असता.

दाखला न मागता काम देऊ केलं ते एकाच ठिकाणी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात. मालक म्हणाला, हात बघू. हात उलटा-सुलटा करून बघितला. म्हणाला, वजनाची, मापाची सवय दिसते, प्लास्टर कालवायला या, पुढं साच्यावर घेतो. तीन पिढ्यांत आमच्या घरच्या माणसाचा हात बघून काम देणारा हा पहिला मालक, आणि त्याचा माल गणपती!

घरी वाद पेटला. पोरगी कॉलेजात आहे, तुमच्याच बैठकांना येते. ती म्हणाली, “बाबा, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्यात त्या वाचा. गौरी-गणपती मानणार नाही असं आहे.” तिची आई म्हणाली, “मानायला कोण सांगतंय? कालवायला सांगतायत. तुझ्या आज्यानं गिरणीत सूत काढलं, त्याची जानवी झाली नसतील कशावरून?” पोरगी गप्प झाली, पण पटलं नाही तिला. मला दोघींचंही पटतं. दुसरी अडचण रोकडी होती. काम आठ महिन्यांचं, गणपती उठले की हात रिकामे. त्यात २०२५ च्या सुरुवातीला पीओपीच्या बंदीनं सगळे कारखानदार धास्तावलेले. जूनमध्ये हायकोर्टानं मूर्ती घडवायला मोकळीक दिली तेव्हा हंगाम निम्मा सरला होता. मी गेलो नाही. वाद घरात अजून चालू आहे.

आता तुम्हाला दोन शब्द, राग धरू नका. सरकारी भरती कंत्राटी केली की आपण पेटतो. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं खाजगी एजन्सींमार्फत माणसं घ्यायचा जी.आर. काढला, पोरं रस्त्यावर आली, ऑक्टोबरात तो मागं घ्यावा लागला. मीही त्या मोर्चात होतो. पण आरक्षणाच्या दारातून जे आत गेले नाहीत, जाऊ शकले नाहीत, ते कुठं आहेत? ते धाटावला आहेत, नागोठण्याला आहेत, महाडच्या एमआयडीसीत आहेत. होय, महाडच्या. चवदार तळ्याला २० मार्चला लाखोंनी येतो आपण. तिथल्या गेटांवर सकाळी पाळी सुटताना एकदा उभे राहा नि आडनावं विचारा. मी बारावीनंतर अलिबागच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव घातलं होतं. १९४५ साली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा, त्यांच्याच खात्याखाली ही यंत्रणा उभी राहिली. कार्ड दर तीन वर्षांनी रिन्यू करत होतो. एकही कॉल आला नाही. तरी कार्ड जपून ठेवलंय, त्या डब्यातच आहे.

कायद्याचं म्हणाल तर १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. ठेकेदारी बंद झाली की कामगार आपोआप मूळ मालकाचा होतो, अशी एक आशा सुप्रीम कोर्टाच्या जुन्या निकालानं लावली होती. ३० ऑगस्ट २००१ ला, स्टील ॲथॉरिटीच्या केसमध्ये, पाच न्यायमूर्तींनी ती पुसली. आपोआप काही होणार नाही, ठेका नुसता नावापुरता होता असं ज्याला म्हणायचंय त्यानं ते लढून सिद्ध करावं. मी लागलो त्याच्या पुढच्याच वर्षी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार नव्या संहिता आल्या. त्यात म्हणे प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचंय. अकरावा ठेकेदार ते पत्र देईलही. माझा सवाल तारखेचा आहे. त्यावर २००२ पडणार की २०२५? २०२५ पडली तर त्याच पत्रानं माझी तेवीस वर्षं कायद्यानं पुसली जातील, तीही माझ्या सहीनं.

१९३८ साली औद्योगिक कलहाचं बिल आलं, त्यावर बाबासाहेब कायदेमंडळात बोलले. सार इतकंच की काम करणार नाही म्हणायचा हक्क काढून घेतला तर माणूस गुलाम होतो. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यासाठी एक दिवसाचा संप झाला. मी ते भाषण या वर्षी दोनदा वाचलं. संप हा खूप पुढचा टप्पा आहे, आधी मला ‘मी इथं होतो’ हे सिद्ध करायचंय.

मग एका वकील मित्राच्या सल्ल्यानं असं केलं. राजीनामा लिहिला. एकच मजकूर, २००२ ते आजपर्यंत अमुक रिॲक्टरवर काम केलं, प्रकृतीच्या कारणानं सोडू इच्छितो, तेवीस वर्षांचा दाखला द्या, दाखला हातात पडेल त्या दिवसापासून राजीनामा धरावा. शेवटचं वाक्य वकिलाचं, पोटाची काळजी त्याला माझ्याइतकीच आहे. बारा पाकिटं केली. अकरा ठेकेदारांना, एक कारखान्याला. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, लग्नाच्या पत्रिका का? म्हटलं, काडीमोड.

पाच परत आली. पत्ता अपुरा, घर बंद, घेणारा मयत. पाचांचं काहीच कळलं नाही. अकराव्यानं फोन करून शिव्या घातल्या, म्हणजे त्याला मिळालं. कारखान्याच्या पाकिटाची पोच आली. कारकुनाची सही आहे, तारीख आहे. उत्तर नाही. वकील म्हणतो, परत आलेली पाकिटं फोडू नकोस, तशीच ठेव, पनवेलच्या कामगार कचेरीत दाखवायचीत. तिकडं त्या तरण्या मॅनेजरनं महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो म्हटलंय. आज बावीस तारीख.

ही बातमी फुटल्यावर आमच्या पाळीतली माणसं आपापले डबे घेऊन यायला लागली. प्लास्टिकच्या पिशव्या, जुनी पाकिटं, एकानं तर पास उशीच्या खोळीत शिवून ठेवले होते. आत्तापर्यंत चौतीस जण झाले. प्रत्येकाचं नाव, साल, ठेकेदार, मशीन असं रकाने पाडून लिहायचंय, मग त्याचा स्टेन्सिल कापायचाय. येत्या रविवारी सकाळी दहाला रोहा स्टेशनबाहेर जमतोय. लिहायला हात कमी आहेत. ज्याचं अक्षर बरं आहे त्यानं यावं, येताना दोन फुलस्केप वह्या आणाव्यात.